तुमसरला गेलेला मोगरा

१८ एप्रिल २०१३, गुरुवार

मोगऱ्याची पानं पांढुरकी पडली आहेत — वरून कोणी बारीक रवा भुरभुरावा तशी. आई म्हणते, ऊन लागलं. पण उन्हानं पान करपतं, असे ठिपके नाही पडत. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासणारी, झाडांचं मला काय कळतं! कीटकनाशकाची बाटली आणली अन् स्लॅबवरच्या सगळ्या कुंड्यांवर मारली. झालं काम.

२१ एप्रिल, रविवार

पाहुणे येऊन गेले. मुलगा सुगत, तुमसरला वीज खात्यात लाइनमन. सोबत त्याची आई विमलाबाई, आणि स्थळ आणणारे आमचे सोमाजी मामा. मामा आल्या आल्या आईला हळूच म्हणाले, "तृप्ती एकतीसची झाली, वच्छलाबाई. आता स्थळात खोट काढू नका."

मला सगळं ऐकू आलं.

पोहे झाले, चहा झाला, मुलगा बोलेना. शेवटी मामांनीच आम्हाला स्लॅबवर पिटाळलं. वर तो कुंड्यांपाशी उकिडवा बसला.

"ह्या झाडायले काय झालं?"

"आजारी आहेत."

"अन् तुम्ही पॅथॉलॉजीत आहा ना?"

हसू आलं. यापूर्वी जे आले त्यांनी पगार विचारला, स्वयंपाक विचारला. झाडांचं हा पहिला.

निघताना विमलाबाईंना मोगऱ्याचा वास आवडला. आईनं लगेच एक कुंडी देऊन टाकली — सगळ्यात जास्त कळ्यांची.

२२ एप्रिल

डॉक्टरसाहेब जेवायला गेले तेव्हा मोगऱ्याचं पान उलटं करून मायक्रोस्कोपखाली ठेवलं. बाप रे! आठ पाय, पाठीवर दोन काळे डाग, आणि आरामात फिरून राहिले. पानाच्या शिरेला चिकटलेली गोल गोल अंडी.

नेटवर शोधलं, हे पानांचा रस पिणारे कोळी आहेत. साध्या कीटकनाशकानं हे मरत नाहीत, उलट यांना खाणारे बारीक किडे मात्र मरतात. म्हणजे माझ्याच हातानं मी यांना रान मोकळं करून दिलं. आणि तुमसरला गेलेल्या कुंडीतही हेच असणार!

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "होकार येतवरी तोंड उघडू नको."

२६ एप्रिल

सगळ्या कुंड्या एकमेकींपासून दूर केल्या. फार खराब पानं तोडून पिशवीत बांधली. रोज सकाळी पाइपनं पानांच्या खालून पाणी मारते आहे. कोरड्या गरमीत, धुळीत हे वाढतात. ओल त्यांना सोसत नाही.

संध्याकाळी अनोळखी नंबर.

"मी सुगत. तुमच्या मोगऱ्याले जाळं आलं. आईच्या गुलाबावरबी चढलं."

लाजेनं कान तापले. खरं ते सांगून टाकलं. पाणी कसं मारायचं, निंबोळीचं तेल आणि साबणाचं पाणी कसं फवारायचं, तेही सांगितलं. त्यानं सगळं दोनदा विचारलं. रागावला मात्र नाही.

२९ एप्रिल

नकार आला.

मामांनी फोनवर कळवलं. "मुलगी दोन वर्षानं मोठी आहे, त्यायले जमत नाही." आई पोळ्या लाटत राहिली. मी म्हटलं, बरंच झालं, तुमसर कोणाला पाहिजे. वर जाऊन पाणी मारलं. इतक्या जोरात, की जास्वंदीच्या तीन फांद्या मोडल्या. पहिल्यांदाच वाटलं होतं, हा माणूस परत यावा.

२ मे

त्याचा फोन! दुपारच्या उन्हात तेल फवारलं म्हणे, पानं भाजली.

"संध्याकाळी फवारायचं म्हणून सांगितलं होतं ना?"

"संध्याकाळी ड्युटी होती."

मग मला राहवेना. "तुमच्याकडून नकार आला आहे, माहीत आहे ना?"

"तो आईनं कळवला. मी झाडाचं विचारून राहिलो."



५ मे, रविवार

तुमसरला गेले. एसटीनं, आईला सांगून. "कायले जाते? नाही म्हटलं ना त्यायनं?" मी म्हटलं, कोळी आमच्या घरून गेले, ते काढायला जाते. तिनं टिफिन भरून दिला. आई अशीच आहे.

विमलाबाईंनी दार उघडलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. आत ये म्हणायला वेळ लागला. अंगणात मी पांढरा कागद धरून गुलाबाची फांदी झटकली. कागदावर ठिपके पडले. मग ठिपके चालायला लागले. विमलाबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"माझ्या गुलाबात हे होतं?"

"माझ्या मोगऱ्यातून आलं. माफ करा."

त्यांनी पदर खोचला. मी पानं उलटी धरली, सुगतनं पाइप धरला, विमलाबाई रोगट पानं तोडत गेल्या. तिघंही चिंब. मग त्यांनी मला त्यांचं कोरडं लुगडं दिलं, माझा टिफिन उघडला, म्हणाल्या, "तुझ्या आईच्या हातचं वांगं चांगलं आहे."

बस स्टँडवर सोडायला तो आला. विजेच्या खांबावर चढणारा माणूस, रस्ताभर एक वाक्य बोलला. "परत पाहायले याल ना?"

११ मे

तुमसरचा रिपोर्ट — मोगऱ्याला नवी पालवी, गुलाब साफ होतो आहे. अंड्यांतून नवे निघतात म्हणून फवारा परत मारायला सांगितला. माझी जास्वंद अजून रुसलेली.

१६ मे

काल वावटळ. तारा तुटल्या, लाइट गेली, फोन लागेना. झाडं आडवी झाली ती उचलायचं सोडून मी फोनकडेच पाहत बसले. आज सकाळी त्याचा फोन आला — "रातभर खांबावर होतो. तुमच्या घरचा कूलर सुरू झाला का?"

झाला म्हटलं.

२० मे

आईनं विचारलं, "रोज कोणाचा फोन येते?"

"झाडांचा."

"कोळी आहेत अजून?"

"नाही. गेले."

"मग?"

मी पाइप घेऊन वर गेले.

२३ मे

सुगतचा फोन. "एकबी ठिपका नाही आता. कागदावर झटकून पाह्यलं."

"छान."

"ठेवू मग?" म्हणाला. मी हो म्हटलं. का म्हटलं मी असं?

२४ मे

फोन नाही.

२५ मे, बुद्ध पौर्णिमा

विहारातून आले आणि मीच फोन लावला. झाडांचं काही विचारलं नाही. लग्न करशील का, एवढंच विचारलं. "करतो," म्हणाला. "माह्या आईले मी सांगतो, तुझ्या आईले तू सांग."

आई खाली खीर ढवळते आहे. जाते.