आडवी सायकल, डावी बाजू

३ फेब्रुवारी, मंगळवार

सायकल आली. टेम्पोतून उतरवताना शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. सासूबाई दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "एवढं आडवंच व्हायचं होतं तर पलंगालाच चाकं लावून घ्यायची."

हसू आलं. पण दिसते तशीच! पायडल पार पुढे, पुढच्या चाकाच्याही पुढे. जाळीची सीट, पाठ मागे रेललेली. हँडल मांड्यांच्या बाजूला, खाली. चेन इतकी लांब की माझ्या जुन्या तीन सायकलींना पुरेल.

कामावर, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात व्हॉल्व्ह उचलताना मणका सरकला, तेव्हापासून वाकून चालवायची सायकल बंद. बावीस वर्षं कामावर सायकलने गेले — जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. आता सहा महिने बस. बसने गेलं की दिवस दुसऱ्याच कुणी सुरू करून दिल्यासारखा वाटतो.

नवऱ्याने एकदा पाहिली. "बरी आहे," म्हणाला आणि आत गेला. हल्ली त्याचं बोलणं एवढंच.

८ फेब्रुवारी, रविवार

पहिला धडा. ज्यांनी ती बनवली ते काका सत्तरीचे आहेत. आयुष्यभर वेल्डिंग केलं, आता हौस म्हणून आडव्या सायकली बनवतात. माझी बारावी. त्यांच्या शेडमागे बंद गोदामाचं आवार आहे, जरासा उतार. तिथे शिकवतात.

"चाकाकडे बघायचं नाही. लांब बघायचं. अंग हलवून तोल सावरता येत नाही हिच्यावर, पाठ टेकलेली असते. विश्वास ठेवायचा आणि पाय मारायचा."

पाय मारला. तीन हात गेले. पडले. पुन्हा मारला, पुन्हा पडले. जमीन जवळ असते हे बरं — पडायला वेळ लागत नाही, लागतही फार नाही.

पन्नाशीला दोन वर्षं राहिलीत आणि मी पुन्हा तोल शिकतेय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डावं कोपर सोललंय. कामावर सांगितलं, जिन्यावर पाय घसरला.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज पंधरा-वीस मीटर सलग गेले. वाऱ्याला आधी पाय लागतात, मग तोंड, हे विचित्र आणि छान. मग पडले. चारदा. काका म्हणाले, "परत डावीकडेच."

मला राग आला. म्हटलं, चाक वाकडं असेल. त्यांनी दोरा आणला, दोन्ही चाकांना लावून ताणला, मला बोलावून दाखवलं. रेषेत. मग स्वतः बसले आणि आवारात तीन फेऱ्या मारल्या, हातात चहाचा कप असता तरी सांडला नसता.

घरी येऊन नवऱ्याला सांगावंसं वाटलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. नाही सांगितलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वाईट दिवस.

मंगळवारी तीन नंबरचा पंप मी तपासला होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाच्या भोकाशी. बेअरिंग चांगलं असेल तर पावसासारखा सारखा आवाज येतो, बिघडायला लागलं की खडे वाजतात. हे मला कुणी शिकवलं नाही, मीच बाकीच्यांना शिकवलंय. नोंदवहीत "ठीक" लिहिलं, सही केली. आज पहाटे बेअरिंग जळालं. अर्ध्या शहराला सहा तास पाणी नाही.

साहेबांनी विचारलं. माझे जोडीदार फिटर, पुढच्या वर्षी निवृत्त होतील, पटकन म्हणाले, "वंगण कमी पडलं असणार, साहेब." मला वाचवायला. मी म्हटलं, नाही. मी ऐकलं होतं. माझं चुकलं.

साहेबांनी माझी सही बघितली आणि नोंदवही मिटली. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सायकलवर मन नव्हतं, तरी गेले. तीनदा पडले.

काकांनी सायकल उचलून भिंतीला लावली. "बाई, एक बोलू? रागावू नका. अकरा जणांना शिकवलं मी. पहिले काही दिवस माणूस दोन्हीकडे पडतो. तुम्ही आजवर नऊ वेळा पडलात. मी मोजलंय. नऊही डावीकडे."

"मग?"

"फ्रेम वाकडी असती तर मी फ्रेम बघितली असती. फ्रेम सरळ आहे." मग म्हणाले, "एखाद्या डॉक्टरला दाखवा."

तशीच निघून आले. नमस्कारही केला नाही. सत्तरीचा माणूस, माझ्यासाठी तीन रविवार उन्हात उभा राहिला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत पंपघरात एकटी होते. एक नंबर चालू होता. स्क्रूड्रायव्हर उजव्या कानाला लावला — सगळा पंप डोक्यात. डावीकडे लावला.

काही नाही. लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी घरघर. बस.

पुन्हा लावला. पुन्हा. मूठ पुसली, जणू मुठीचाच दोष.

मग तीन नंबरजवळ जाऊन उभी राहिले. त्याच्या उजवीकडे भिंत आहे, तिथे वाकून डावाच कान लागतो. बाकीच्या पंपांना मी केव्हापासून उजवा लावायला लागले? आठवत नाही. शरीराने आपलं आपण ठरवलं, मला विचारलंही नाही.

२ मार्च, सोमवार

कानाच्या डॉक्टर. त्यांच्याकडे एक बंद खोली, काचेची खिडकी, कानांवर हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबा," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. उजवा कान झाला. डावा सुरू झाला. मी वाट बघत बसले. कधी सुरू करतायत म्हणून काचेकडे पाहिलं तर त्या दार उघडून आत आल्या. "झालं," म्हणाल्या. सगळे आवाज वाजवून झाले होते.

स्कॅन लिहून दिलाय. चक्कर येते का, विचारलं. म्हटलं नाही. अंधारात भिंतीला हात लावून चालते एवढंच. तेही त्यांनी विचारलं म्हणून लक्षात आलं.

९ मार्च, सोमवार

नवरा बरोबर आला. मी सांगितलं नव्हतं, सासूबाईंनी सांगितलं असावं.

कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ आहे. शेंगदाण्यापेक्षा थोडी मोठी. कॅन्सर नाही — हे डॉक्टरांनी आधी सांगितलं, मग बाकीचं. हळूहळू वाढतेय, काढायला हवी. काढताना डाव्या कानाचं उरलंसुरलं ऐकणं जाईल. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, तिला धक्का लागू शकतो. तोल बिघडतो तो यानेच.

"तुमच्या लक्षात कसं आलं?" त्यांनी विचारलं. मी सायकलचं सांगितलं. त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "त्या काकांना माझा नमस्कार सांगा. अजून दोन वर्षं गेली असती तर आपण वेगळं बोलत असतो. पण आता दोन चाकांवर बसू नका."

नवऱ्याने एकच प्रश्न विचारला. "ऐकू येणं कधीपासून कमी झालं असेल?"

"दोन वर्षं तरी. जास्तच."

घरी येऊन तो जेवला नाही.

११ मार्च, बुधवार

आज तो बोलला. मी भांडी पुसत होते. माझ्या उजवीकडे येऊन उभा राहिला, मुद्दाम, ते मला कळलं.

"तू उजव्या कुशीवर झोपतेस," म्हणाला.

हो म्हटलं. मणक्याच्या आधीपासून.

"म्हणजे चांगला कान उशीत."

मी ताट खाली ठेवलं.

त्याचे वडील गेले त्याला दोन वर्षं झाली. तो रडला नव्हता. कामावर गेला, कागदपत्रं केली, आईला सांभाळलं. दिवसा त्याच्याने बोलवायचं नाही. दिवा मालवल्यावर तो माझ्या पाठीशी बोलायचा. वडिलांबद्दल. शेवटच्या आठवड्यात त्यांच्याशी भांडला होता, त्याबद्दल. "तीन-चार महिने बोललो. तू एकदाही ओ दिली नाहीस."

"हलवायचं मला."

"झोपलेली असतीस तर हलवलं असतं. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात समोरच्या आरशात दिसायचं, डोळे उघडे असायचे तुझे."

खरंय. मला झोप यायची नाही तेव्हा. मी पडून राहायचे आणि वाटायचं, वडील गेले आणि हा माणूसही आतून गेला, एक शब्द बोलत नाही.

गाठीने कान घेतला. पण दोन वर्षांत मीही एकदा उठून विचारलं नाही, काय झालंय तुला? ते गाठीच्या माथी मारता येणार नाही.

१२ मार्च, गुरुवार

सासूबाईंना कळलं. माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "मी आळीभर सांगत सुटले होते — सून ऐकून न ऐकल्यासारखं करते म्हणून." मग डोळ्यांना पदर. "आता त्यांना सगळ्यांना परत कुठे सांगत फिरू?"

म्हटलं, राहू द्या. थोडं खरंही असेल त्यात.

१५ मार्च, रविवार

काकांकडे गेले. आधी माफी मागितली. मग सांगितलं. ते स्टुलावर बसले, हातमोजे काढले, परत घातले. "कानाबिनाचं असेल असं वाटलेलं. एवढं नव्हतं वाटलं."

मग म्हणाले, पुढे एक चाक काढून दोन बसवतो. तीन चाकं झाली की पडायचा प्रश्न नाही.

मी म्हटलं, मला दोन चाकांची शिकायची होती.

"शिकलात की, जेवढं शिकायला हवं होतं तेवढं. बाकीच्यांना चालवायला येतं आणि संपलं. तुम्हाला हिने गाठ दाखवली."

मला पटलं नाही. तरी हो म्हटलं.

२९ मार्च, रविवार

तीन चाकांवर पंपघरापर्यंत गेले. नऊ किलोमीटर! नवरा माझ्या जुन्या सायकलवर, सबंध रस्ता माझ्या उजवीकडे. चढावर त्याला धाप लागली, तरी बोलत होता. वडिलांनी त्याला सायकल शिकवताना सोडून दिलं होतं आणि सांगितलं नव्हतं, ते. सगळं ऐकू आलं.

पंपघराच्या फाटकाशी जोडीदार फिटर उभे. मला बघून म्हणाले, "राणीसाहेबांचा रथ आला." तीन नंबर नवीन बेअरिंगवर चालू होता. मी आत जाऊन ऐकला. भिंतीकडे पाठ करून, मान वळवून, उजव्या कानाने. जमतं.

७ एप्रिल, मंगळवार

उद्या ऑपरेशन. डाव्या कानाने शेवटचं काय ऐकलं ते आठवायचा प्रयत्न केला. आठवत नाही. तेव्हा माहीत नव्हतं ना, की लक्ष द्यायला हवं होतं.

भीती वाटते. इथे लिहिते, घरात नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

घरी. अक्षर वाकडं येतंय. गाठ पूर्ण निघाली. डावा डोळा नीट मिटत नाही, हसले की अर्धंच हसते. महिन्या-दोन महिन्यांत सुधारेल म्हणतात. जमीन बोटीसारखी हलते. सासूबाई माझा हात धरून खोलीच्या फेऱ्या मारवतात — त्यांना धरायला मी असायचे.

मी कूस बदलली. तो त्याच्या नेहमीच्याच बाजूला झोपतो. मी डाव्या कुशीवर, त्याच्याकडे तोंड करून.

२ मे, शनिवार

त्याच्या ऑफिसचं पत्र आलं. दूरच्या शाखेत बदली मंजूर, एका माणसाची राहायची सोय. अर्ज गेल्या वर्षीचा. मला काहीच माहीत नव्हतं.

"तुला विचारलं होतं मी," तो म्हणाला. "पुन्हा एकदा, दिवा मालवल्यावर. जाऊ का, म्हणून. तू काही बोलली नाहीस. मग मी अर्ज टाकला."

मी कागदाची घडी घालून तो पाकिटात ठेवला.

म्हटलं, आता विचार.

त्याने विचारलं. मी म्हटलं, नको जाऊस.