होडीवरचं लुगडं

६ जुलै
मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून मार्था लिहिते. मधे आपलं काही घालू नकोस गो.
मासेमारी बंद. होडी किनाऱ्यावर, ताडपत्रीखाली. यंदा रंगवायचं काम माझ्या मुलाने, इनासने, स्वतःच्याच लेकाला दिलं. जोएल चित्रकला शिकलाय ना. त्याचे मित्र आलेत तुळिंजहून. त्यातला एक दाढीवाला, कानात डूल, कपाळाला टिकली. म्हणाला, "आजी, तुमच्यासारखं लुगडं नेसायला शिकवा ना." शिकवलं. नेसून मार्थापेक्षा चांगला चालतो. लिही, लिही, खरं आहे ते.

१५ जुलै
ताडपत्री उचलून बघितलं. होडीच्या एका अंगावर अख्खी वरात. लुगड्यातले पुरुष नाचतायत, अंबाड्यात अबोली. बारीक केस कापलेली एक बाई, खांद्यावर वल्हं. दोघी जणी हातात हात घालून. कुणाच्या तोंडावर भीती नाही. मधोमध एक मिशीवाला, माझं लाल चौकड्याचं लुगडं नेसलेला. कान आमच्या घरचे.
"हा तू?"
"मीच, आजी."
"पदर वाकडा घेतलास."
हसला. मग रडला. मी लहानपणापासून असाच आहे म्हणाला, मला मुलगेच आवडतात. पप्पांना तोंडाने सांगता येईना, म्हणून रंगवलं.
मार्थाचा हात इथे थांबला. पूस डोळे. आई आहेस, तुला ठाऊक होतं.

२१ जुलै
इनासने बघितलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं.
"खलाशी हसतील. लिलावात लोक मासली बघतील का हे?"
"मग खरवडा," जोएल म्हणाला. "पन तुमच्याच हातानं खरवडा, पप्पा. मला."
इनासने रंग खरवडायची पट्टी नेऊन होडीला टेकवून ठेवलीय. रोज जातो, उभा राहतो, परत येतो. जेवताना एकमेकांकडे पाठ.

२८ जुलै
आमच्या घरची रीत. फादरनी होडीवर पाणी शिंपडलं की हंगाम संपेपर्यंत तिच्या लाकडाला पट्टी लावायची नाही. सासऱ्यांपासून चालत आलंय. तर मीच फादरना लवकर बोलावून घेतलं. म्हातारीचा काय भरोसा, म्हटलं, एकदा आशीर्वाद बघू दे. ठेवणीतलं लुगडं नेसून किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसले.
फादर आले. चित्रापाशी बराच वेळ थांबले. "हा मधला कोण, इनास?"
जोएल खाली बघत होता.
इनास म्हणाला, "पानी मारा, फादर."
मारलं. घरी आल्यावर मला म्हणतो, "आये, फसवलंस."
फसवलं. होडी वाचली. पण 'माझा पोरगा' एवढं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. ते फसवून काढता येत नाही.

२ ऑगस्ट
ओट्यावर बसून सांगतेय. समोर होडी पाण्यात, आज सुटायची. शेजारच्या होडीवरचा एक जण चित्राकडे बघून शीळ घालत होता. इनासने त्याच्याकडे नुसतं बघितलं. शीळ बंद.
आता जोएल खाली गेला. "पप्पा, मी येऊ?" इथवर ऐकू आलं.
इनास दोर सोडतोय. हो म्हणत नाही, नाय म्हणत नाही. पोरगा गुडघाभर पाण्यात उभा. इंजिन सुरू झालं.
मार्था, पेन ठेव. बघू दे मला.