सगळ्या घरांची मूठ

बा, उद्या वाडीची बैठक आहे. शाळा कुठे बांधायची ते ठरायचंय, आणि मला आत्ताच थकवा आलाय. तू गेलास, मागोमाग निजामही गेला, मग पंचायत आली आणि ज्याला तू 'पंडत' म्हणून चिडवायचास त्यालाच लोकांनी सरपंच केलं. आपल्या आंध आदिवासींच्या वाडीत संस्कृत येणारा मी एकटा. त्याचा उपयोग तालुक्याच्या साहेबांच्या जड शब्दांतल्या चिठ्ठ्या वाचण्यापुरता. मला शास्त्रीबुवांच्या पायरीवर बसून शिकू द्यावं म्हणून तू त्यांना मोहोळातला मध नेऊन द्यायचास. त्या मधाचं हे असं चीज झालं.

तुझी बैठक अजून दिसते. चिंचेखाली तीन दगडांची चूल, तिच्यावर तांब्याची हंडी. ज्या घराला ठरलेलं पटलं ते मूठभर ज्वारी आणून हंडीत टाकतंय. एक घर जरी राहिलं तरी तू चूल पेटवत नाहीस, पुन्हा बोलायला बसतोस; सगळ्यांची मूठ पडली की तीच शिजवून सगळी वाडी जेवते. वेदकाळच्या सभा आणि समिती यांतला भेद मी मोठ्या तोऱ्यात समजावला, तर तू विचारलंस, "त्या सभंत जेवाया काय आसतंय?"

विहिरीच्या वेळी मी चूल मांडलीच नाही. साहेब जीप घेऊन आलेले, घाईत. विहीर सडकेलगत घ्यायची, म्हणजे जीपला सोयीची. मी म्हणालो, "हात वर करा." भराभर हात वर झाले. पल्याडच्या टोकाला राहणारी आत्या, तुझी बहीण, तेवढी हात पदरात घेऊन बसली.

"चूल न पेटवता काय ठरवायलायस रं, पंडता?"

"आत्या, आता कायदा आलाय."

"आला आसंल. जेवून गेला का?"

चार उन्हाळे झाले, ती त्या विहिरीचं पाणी भरत नाही. या वयात ओढ्यात झरा उकरते आणि जाताना माझ्या दारासमोर रिकामी घागर मुद्दाम वाजवते.

आज सकाळी तिच्याकडे तुझी हंडी मागायला गेलो. "लय उशिरा भूक लागली रं," म्हणाली. दिली मात्र. घासून ठेवलेली होती. साहेबांना निरोप धाडलाय, की बैठक कधी संपेल सांगता येत नाही, भूक सोसत असेल तरच या.

हे पत्र टाकणार कुठे? तुला पुरलं त्या माळावर टपाल जात नाही. आत्याला सांगायचं धैर्य नाही म्हणून तुला सांगतो. सडकेलगत विहीर नको, असं मलाही वाटत होतं. त्या दिवशी हंडी असती तर माझी मूठ उघडली नसती. हात मात्र सगळ्यांच्या आधी माझाच वर गेला होता.