कोशातली चिठ्ठी

दि. १२ ऑगस्ट, मंगळवार

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सर्वप्रथम तक्रार. माझा कोश परत मिळाला, पण दोन पानं दुमडून! तीस वर्षं संस्कृत शिकवताना वर्गातल्या अट्टल वात्रटांनाही मी ही मुभा दिलेली नाही. एक पान 'क्रूरता' या शब्दाचं. अर्थ सापडला असेल तर न्यायालयाला कळव, तिथे तो कोणालाच ठाऊक दिसत नाही. दुसऱ्या पानाकडे नंतर येतो.

इकडे सर्व ठीक. वहिनी गुडघ्यांना शिव्या देत जिने चढते, म्हणजे तब्येत उत्तम.

घटस्फोटाच्या खटल्यातली शुक्रवारची तुझी उलटतपासणी डोक्यातून जात नाही. साक्षीदार म्हणून मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, पण दार अर्धं उघडं होतं. मेहुण्यांच्या वकिलाचा तो मधाळ आवाज! "बाई, एकदा तरी हात उचलला का? घर दिलं, पगार दिला, दारू नाही. मग छळ कसला?" तू म्हणालीस, "अकरा-अकरा महिने बोलत नसत." तर म्हणे, "शांत स्वभावाचे आहेत." आणि आत कोणीतरी हसलं! माझी चप्पल हातात यायचीच बाकी होती. वहिनीने बाही धरून ठेवली.

जिन्यात आपल्या वकीलबाई म्हणाल्या, "सर, मारलं असतं तर सोपं गेलं असतं. डॉक्टरचा कागद मिळाला असता. न बोलल्याचा कागद कुठून आणू?" म्हणजे हात न उचलून मेहुण्यांनी आपली गैरसोयच केली! एका छपराखाली राहून बायकोला फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवून हुकूम सोडायचे, हा म्हणे स्वभाव. आणि त्या चिठ्ठ्या तू रोज केरात टाकल्यास, हा तुझा निष्काळजीपणा.

एक मात्र उरली आहे.

दुसरं पान सरळ करायला गेलो, तर तिथेच होती. मेहुण्यांचं वळणदार अक्षर, कचेरीतल्या सवयीने वर तारीखसुद्धा: "आज पाहुण्यांसमोर मी बोलेन. ते गेल्यावर उत्तराची अपेक्षा करू नकोस."

वकीलबाईंना फोनवर वाचून दाखवली. त्या ओरडल्याच, "सर, हेच हवं होतं! तुमच्याकडे कशी आली?"

तुला ठाऊक आहे कशी आली. नऊ वर्षांपूर्वी तू ती माझ्या टेबलावर ठेवलीस आणि उभीच राहिलीस. मी वाचली. म्हटलं, "अक्षर मात्र छान आहे हो मेहुण्यांचं." खूण म्हणून कोशात घातली आणि दुसऱ्या दिवशी तुला परतीच्या गाडीत बसवून आलो.

सोमवारी मी ती हजर करणार आहे. तो मधाळ गृहस्थ विचारेलच, "इतका छळ होता, तर सख्ख्या भावाने परत का पाठवलं?" सांगेन, मला कळलं होतं आणि मी विनोद केला. हसू देत सगळे.

पण पान तू दुमडलंस, म्हणजे चिठ्ठी तू पाहिलीस. पाहून तिथेच ठेवलीस, वकीलबाईंना दिली नाहीस. दादा काय करतो ते पाहायचं होतं ना? बरोबर केलंस.

गेली नऊ वर्षं तू माझ्याशी कामापुरतंच बोलतेस. सोमवारनंतरही तसंच राहील, याची मला भीती वाटते.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
दादा