आजोबांची पुस्तकातली बदनामी

बाब्नो पोल्ये,
९ सप्टेंबर १९७३

चि. मिलेनास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझ्या नव्या पुस्तकाची कीर्ती आमच्या डोंगरापर्यंत पोचली. अभिनंदन. इथल्या शाळेत पोरांना वाचनाचा बिल्ला मिळवायचा असतो, त्यासाठी मास्तरांनी यंदा तुझंच पुस्तक लावलंय. तेव्हापासून मी डेअरीत दूध घालायला निघालो की पोरं कुंपणाआड दडतात. काल पोस्टमनच्या धाकट्याने तर तोंडावरच विचारलं, की पुस्तकातला तो दुष्ट म्हातारा तुम्हीच ना. मी घरी येऊन तुझ्या वहिनीला विचारलं. रोझा म्हणाली, पिवळ्या मिशा, पोल्हाच्या कातड्याची टोपी आणि बैलांना शिव्या द्यायची तऱ्हा, सगळं तर दिलंय. आता काय घराचा पत्ता छापायला हवा होता?

मग मीही वाचलं. पोल्ह ढोलीत गोल होऊन कसा झोपतो, झुपकेदार शेपूट नाकावर कशी ओढून घेतो, ते झकास लिहिलंयस. त्या खारीएवढ्या झोपाळूला तू आई दिलीस, बाप दिलास, गणिताची वहीसुद्धा दिलीस. आणि आपल्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या जे त्याला सापळ्यात धरून रस्सा करतात, त्यांना काय दिलंस? नुसत्या मिशा!

एवढ्यावर मी हसून सोडलं असतं. पण उर्शा यंदा येणार नाही म्हणते. माझी नात, चालायला लागल्यापासून एक शरद ऋतू तिने चुकवला नाही. क्रानहून तिच्या आईने फोनवर सांगितलं, पोरगी म्हणते की आजोबा पोल्ह मारतात हे मला ठाऊक होतं, पण पोल्हाला आई असते हे ठाऊक नव्हतं. मिलेना, खोटं कशाला सांगू, मला जेवण जात नाही.

तेव्हा पुढच्या आवृत्तीत त्या म्हाताऱ्याला सुधार. त्याने शेवटी सापळे चुलीत घातले असं लिही. तुझं काय जातंय? दोन ओळींचं तर काम.

वहिनीने सफरचंदं पाठवली आहेत. माझ्यावर लोभ असेल तर ठेवून घे, नसेल तर परत पाठव.

तुझा,
मातियादादा


ल्युब्लियाना,
१४ सप्टेंबर १९७३

ती. मातियादादास,
सा. न. वि. वि.

सफरचंदं निम्मी संपली. त्यावरून काय ते समज.

मिशांपर्यंत मी खूप हसले, उर्शापाशी मात्र हसू थांबलं. माझ्या पुस्तकाने तुझ्या मांडीवरची नात पळवली, हे मला सहन होत नाही. तरीही दादा, तू सांगतोस तसं मी लिहिणार नाही. तू सापळे चुलीत घातलेस का? घालणार आहेस का? मग तो म्हातारा कसा घालेल? मागे एका गोष्टीत मी कोल्ह्याला कोबी खायला लावला होता. एका शाळेत बिल्ले वाटायला गेले, तर एवढीशी मुलगी उठून विचारते, की बाई, तुम्ही कोल्हा कधी पाहिलाय का. मुख्याध्यापक खोकत बसले आणि मी बिल्ले पुन्हा मोजायला घेतले. तेव्हापासून मी पोरांना फसवायच्या भानगडीत पडत नाही. संपादकबाईंनाही शेवट गोड हवाय. त्यांनाही नाही म्हणून सांगितलं.

त्यापेक्षा तूच उर्शाला लिही. लिहिता येत नाही वगैरे सबबी नकोत. सैतान चाबूक उडवत पोल्हांचे कळप चरायला नेतो, हे मला गोठ्यात कोणी सांगितलं होतं? मी भीतीने रडले होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांग म्हणून तुझ्या मागे लागले होते. माझं दुकान तिथूनच सुरू झालं, दादा. फक्त तिला गोड-गोड लिहू नकोस. जे आहे ते लिही.

वहिनीस नमस्कार. बहिणीवर लोभ आहेच, तो पोल्हाच्या रश्श्यावर आहे त्याच्या निम्मा तरी असू दे.

तुझी,
मिलेना


बाब्नो पोल्ये,
२३ सप्टेंबर १९७३

चि. मिलेनास,
अ. आ. वि. वि.

लिहिलं. कुऱ्हाड परवडली. रोझा म्हणाली, लाकडं फोडताना इतका घामेजला नव्हतास.

मी लिहिलं, की होय, मी मारतो. खातोही, आणि मला आवडतं. गेल्या हिवाळ्यात तुला दिलेली टोपी त्यांच्याच कातड्याची होती, ती घालून तू गावभर मिरवलीस. लहान पिल्लू सापळ्यात जिवंत सापडलं तर सोडून देतो. पोल्ह ज्यांच्या फळांवर जगतात त्या बीचच्या झाडांना फळ धरत नाही त्या वर्षी सापळे माळ्यावरून काढतच नाही. हे सगळं असं आहे, आणि मला तुझी फार आठवण येते. तुला जंगलात चल म्हणणार नाही. नुसती ये.

पत्र पेटीत टाकलं आणि लगेच परत काढावंसं वाटलं. पोस्टातली बाई म्हणाली, आत पडलं ते सरकारचं झालं. आता मी कुंपण दुरुस्त करायच्या नावाखाली रस्त्यावर उभा असतो. कुंपण चांगलं धडधाकट आहे.

सगळा दोष तुझा, तरी माया पातळ करू नकोस.

मातियादादा


बाब्नो पोल्ये,
७ ऑक्टोबर १९७३

ती. मिलेनाआजीस,
शि. सा. न. वि. वि.

मी इथे आले आहे. आजोबांच्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका फार होत्या, पण त्यांनी काही लपवलं नव्हतं, म्हणून आले. बसमधून उतरल्याबरोबर मी सांगितलं, की मी अजून रागावलेली आहे. आजोबांनी विचारलं, रागाला बसायला जागा कुठे देऊ, चुलीजवळ की खिडकीपाशी? मी चुलीजवळ म्हटलं, कारण थंडी फार होती.

तुमच्या पुस्तकात एक चूक आहे. तो म्हातारा एकदाही हसत नाही. आजोबा सारखे हसतात, बैलांना शिव्या देतानासुद्धा. ते तुम्ही घालू शकता, कारण ते खरं आहे.

काल त्यांचे सगळे मित्र पोल्हाचा रस्सा खायला आले होते. पहिलं ताट नेहमी आजोबांचं असतं. मला रस्सा नको होता, म्हणून रोझाआजीने बटाटे आणि आंबट कोबी वाढला. आजोबा म्हणाले, मलाही तेच वाढ, माझं पोट बिघडलंय. आणि त्यांनी तीनदा बटाटे घेतले, वर सफरचंदाची पोळीही खाल्ली. कुणी हसलं नाही, कारण आजीने सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं होतं.

झोपायला जाताना मी आजोबांच्या कानात सांगितलं, की मी गेल्यावर रस्सा खाल्ला तरी चालेल, मी रागावणार नाही. ते म्हणाले, बघू. सकाळी उठून मी पातेल्यात बघितलं. त्यांचा वाटा तसाच होता.

हे मात्र पुस्तकात घालू नका. त्यांचे मित्र वाचतील आणि त्यांना चिडवतील.

तुमचा लोभ माझ्यावर आहेच, आता आजोबांवरही ठेवावा.

तुमची नात,
उर्शा