हजार मीटरनंतरचं रेकॉर्डिंग

३ ऑक्टोबर
आली! कोच टॅगार्टची मेल आली! सोळा तारखेला त्यांच्या कॉलेजच्या बोटहाउसवर संघासाठी मुलाखत. आधी एका शर्यतीचं रेकॉर्डिंग पाठव म्हणे. वल्हवणाऱ्यांचा वेळ बघतात, कॉक्सचा आवाज मागतात. बरोबरच आहे — आठ जणी वल्हवतात, मी शेपटाशी सुकाणू धरून बोंबलते.
आई म्हणाली, "कूपर नदी बहिरी करून झाली, आता त्यांची करा."
संध्याकाळी कळलं, आमच्या बोटीतल्या ब्रिनलाही बोलावलंय. सतराला.
ब्रिनला!!

४ ऑक्टोबर
ब्रिनच्या गमबुटात बदकांची शी भरली. डाव्या. उजवा उद्या.

६ ऑक्टोबर
मे महिन्यातली ती सेमीफायनल डोक्यातून जातच नाही. ब्रिन माझ्या समोरच बसते, गुडघ्याला गुडघा. हजार मीटरला तिने वल्हं सोडलं. "मला नाही जमत, रोझ! थांबव!" ढसाढसा. तरी तिसऱ्या आलो, फायनल मिळाली. आणि काठावर येऊन ही आमच्या कोचला, मॅकगर्क सरांना, काय सांगते? "रोझने बोट वाकडी नेली." सर म्हणाले, "कारणं नकोत." रेकॉर्डर माझ्या शर्टात चालू होता, तो त्यांनी ऐकलाही नाही. फायनलला दुसरीच माझ्या जागेवर. मी काठावर टॉवेल धरून!
त्याच दिवशी ती फाईल ब्रिनला पाठवली होती. "घे, मरेपर्यंत ऐक." उत्तर नाही.

९ ऑक्टोबर
टॅगार्टला तीच शर्यत पाठवली! पहिले हजार मीटर माझे — झकास. मग बाईसाहेबांचं रडणं. बरोब्बर तिथेच कापलं. कानात शेवटी तेच राहायला हवं. बाकीचं पुसून टाकलं, नाहीतरी फोनमध्ये जागा नव्हती.
बघतेच सतराला काय तोंड घेऊन जातेस!

१२ ऑक्टोबर
आई कोच टॅगार्ट झाली. डोक्यावर चष्मा, हातात झारा.
"तुझा सगळ्यात मोठा दोष?"
"आई."
"झारा खाशील. बोटीतल्या मुलींबद्दल काय वाटतं?"
"सात जणी चांगल्या आहेत."
आई हसली नाही.

१६ ऑक्टोबर
टॅगार्ट माझ्याएवढीच बुटकी. तीही कॉक्स होती म्हणे. हवापाण्याच्या गप्पा नाहीत, सरळ रेकॉर्डिंग लावलं. रडणं आलं. मी तिचा चेहरा बघत बसले. आतून उकळ्या फुटत होत्या!
संपलं. ती म्हणाली, "पुढे?"
"पुढे काय?"
"बोटीत कुणी ना कुणी ढेपाळतंच. तरी तुम्ही तिसऱ्या आलात. तिला वल्ह्यावर परत कुणी आणलं?"
"मी."
"काय बोललीस?"
तोंड उघडलं. काही आठवेना! मला! बडबडीला!
"मला तेवढंच ऐकायचं होतं, पोरी. आणि तू नेमकं तेच कापलंस. का कापलंस, तेही कळलं मला." मग म्हणाली, "सोमवारपर्यंत पूर्ण पाठव. नाहीतर राहू दे."
पूर्ण! पूर्ण फाईल जगात एकाच पोरीकडे आहे.

१७ ऑक्टोबर
सकाळी ब्रिन नळावर बूट घासत होती, वास अजून गेला नव्हता. सगळं सांगितलं, फाईल मागितली.
"म्हणजे टॅगार्टने ते ऐकलंय. आणि मी दुपारी तिच्यापुढे बसणार."
"हो."
"हलकट आहेस तू, रोझ." बूट तिथेच टाकून गेली.

१८ ऑक्टोबर
काही आलं नाही. निदान उजवा तरी भरायला नको होता.

१९ ऑक्टोबर
आली. पूर्ण. टॅगार्टला, मला आणि मॅकगर्क सरांनाही! खाली ब्रिनने लिहिलंय — "रडणं काढलं नाही. ते काढलं तर तू पुढे जे बोलतेस ते कळत नाही. मे महिन्यापासून प्रत्येक शर्यतीआधी मी ते ऐकते. बूट नळावर आहेत. धुऊन दे."