उजनीत बुडालेली रायफल

इंदापूर, सोमवार, एप्रिल १९९६

निवडणुकीसाठी हत्यारं जमा करायची, म्हणून आज माझ्या दोन जुन्या विलायती रायफली घेऊन ठाण्यात गेलो, तर टेबलावर भानुदासची रायफल. तीच. एका वेळी एकच गोळी घेणारी, दस्त्यावर कुण्या गोऱ्या साहेबाच्या आद्याक्षरांची पितळी पट्टी. तीन वर्षांपूर्वी होडीतून उजनीच्या पाण्यात पडली, असं डाळजच्या या मित्रानं मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं! पट्टी लखलखत होती. उजनीचे मासे पितळ घासतात, हे मला ठाऊक नव्हतं.

भानुदास मागंच पावतीची घडी घालत उभा.

"बुडाली होती ना रे?"

"बुडाली न्हाय, बुडवली. तुझ्यापुरती." लाजलासुद्धा नाही. "दर ऐतवारी यायचास. च्या माझा, नजर तिच्यावर. 'मला कधी इकतोस?' मी जिता हाय का मेलोय, कधी इचारलंस? म्हटलं, हिला बुडवून बघू, येतो का गडी."

"मग?"

"मग काय? तीन वर्सं वाट बघतोय."

फसवलं हरामखोरानं. पोलिसांना खरं आणि मला खोटं! मी त्या रायफलीचं सुतक पाळलं. रागानं जेवण गेलं नाही. पण डाळजला शेवटचा कधी गेलो? ती बुडाल्याचं ऐकलं, त्याच दिवशी. चहा अर्धा टाकून उठलो होतो.

आणि आज, तीन वर्षांनी भेटलेल्या मित्राला निघताना मी काय विचारलं?

पट्टी कशानं घासतोस.